गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाकी भरली की किती लिटर गेलं आणि मागच्या वेळेपासून किती किलोमीटर झाले, हे मी बरीच वर्षं एका छोट्या वहीत लिहून ठेवतोय. त्या वहीमुळे एक गोष्ट पक्की कळली. तीच गाडी, तोच रस्ता, पण चालवणारा पाय बदलला की लिटरमागे दोन-तीन किलोमीटरचा फरक सहज पडतो. गाडी चालवणारे ओळखीचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

सगळ्यात जास्त इंधन वाया कुठे जातं?

शहरात चालवत असाल तर ब्रेकमध्ये. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, कारण ब्रेक मारताना तर आपण पेट्रोल देतच नसतो. पण ब्रेक जो वेग मारतो, तो वेग आपण आधी पेट्रोल जाळूनच मिळवलेला असतो.

आकड्यांत बघू. १२०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाला आणायला साधारण १६७ किलोज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण त्यातला साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो. उरलेली बहुतेक उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. हिशोब मांडला तर गाडी एकदा ६० ला न्यायला सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल जातं. म्हणजे लहान चमच्याने चार चमचे. पुढे सिग्नल लाल दिसतोय, तरी शेवटपर्यंत एक्सलेटर दाबून मग कचकन ब्रेक मारला, की ते चार चमचे ब्रेकच्या डिस्कमध्ये गरम होऊन संपले. सिग्नल सुटला की नवे चार चमचे.

वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. त्यामुळे ३० वरून थांबलात तर एकच चमचा जातो, १०० वरून थांबलात तर अकरा-साडेअकरा. रोजच्या वाटेवर आपण किती वेळा थांबतो, एकदा मोजून बघा.

मग ब्रेक मारायचाच नाही का? ते धोक्याचं आहे.

ब्रेक लागेल तिथे मारायचाच, आणि जोरात मारायची वेळ आली तर जोरातच. पेट्रोल वाचवण्यासाठी ब्रेक टाळणं हा वेडेपणा आहे. सवय बदलायची ती नजरेची. बहुतेक जण पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत गाडी चालवतात. त्याऐवजी तिच्या पलीकडे, आणखी तीन-चार गाड्या पुढे बघा.

समजा दोनशे मीटरवर सिग्नल आत्ताच लाल झाला. पाय एक्सलेटरवरून काढा, गिअर तसाच ठेवा. गाडी आपोआप ६० वरून ५०, मग ४० वर येते. तुम्ही सिग्नलपाशी पोचता तेव्हा बऱ्याचदा तो सुटलेला असतो, आणि तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये २५-३० च्या वेगात पुढे निघता. शेजारून जोरात गेलेला मात्र तिथे थांबून पहिल्या गिअरपासून सुरुवात करत असतो. पुढच्या गाडीपासून अंतर थोडं जास्त ठेवलं की हे जमायला लागतं, कारण पुढच्याने वेग जरा कमी केला की लगेच ब्रेकवर पाय टाकावा लागत नाही. हेच अंतर जीवही वाचवतं.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकडेवारीनुसार, सतत जोरात पळवून जोरात ब्रेक मारण्याच्या सवयीने थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत अ‍ॅव्हरेज १० ते ४० टक्क्यांनी घटतं. या पानावरचा दुसरा कुठलाच रोजचा उपाय इतकं देत नाही, म्हणून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

उतारावर न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं ना?

इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल फवारतो, नाही वाचत. उलट जास्त जातं.

गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही एक्सलेटर पूर्ण सोडलात, की इंजिनचा कॉम्प्युटर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी नळी) बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात, त्यामुळे पेट्रोलची गरज उरत नाही. इंजिनचे फेरे आयडलच्या (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतं तेवढ्या फेऱ्यांच्या) जवळ आले की इंजेक्टर पुन्हा सुरू होतात. न्यूट्रल केलं की चाकं आणि इंजिन यांचा संबंध तुटतो, आणि मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल पाजत राहावं लागतं. ज्या गाडीत त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज दिसतं, तिच्यात हे डोळ्यांनी बघता येतं: गिअरमध्ये पाय सोडला की आकडा एकदम टोकाला जातो.

न्यूट्रलची सवय कार्बोरेटरच्या काळातली आहे. तेव्हा असा कॉम्प्युटर नव्हता, म्हणून तेव्हाच्या चालकांना त्यातून थोडा फायदा दिसायचा. पण धोका तेव्हाही होता. घाटात न्यूट्रल केलं तर इंजिनचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट. ब्रेकचं बळ कमी होतं, स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली चुकून लॉकपर्यंत फिरून निघाली तर ते लॉकही होऊ शकतं. कृपा करून हे कुणीही करू नका.

गिअर कधी बदलायचा?

लवकर. साध्या पेट्रोल गाडीत इंजिनच्या मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांच्या आसपास, डिझेलमध्ये १५०० ते २००० च्या दरम्यान वरचा गिअर टाकता येतो. चढ असेल किंवा गाडी भरलेली असेल तर थोडं उशिरा. वरच्या गिअरमध्ये गाडी धडधडायला लागली, एक्सलेटर दाबूनही पुढे सरकेना, तर खालचा गिअर घ्या. इंजिनला असं रेटत राहिलं तर पेट्रोलही वाचत नाही आणि इंजिनलाही त्रास होतो.

ऑटोमॅटिकमध्ये हेच काम पायाने करायचं. वेग आला की पाय किंचित हलका करा, गाडी लगेच वरचा गिअर घेते.

हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरायची सवय असेल तर सोडा. तिथे हँडब्रेक ओढा. हाफ क्लचमध्ये पेट्रोल तर जातंच, क्लच प्लेटही झिजते, आणि ती बदलणं मोठं काम असतं.

हायवेवर कुठला वेग चांगला?

बहुतेक गाड्यांचं सगळ्यात चांगलं अ‍ॅव्हरेज शेवटच्या गिअरमध्ये ताशी ५० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान येतं. त्यापुढे हवा आडवी येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १०० ला तो ८० च्या तुलनेत दीडपटीहून थोडा जास्त असतो, आणि नुसती हवा कापायला लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते.

वेळेचा हिशोबही करून बघा. १०० किलोमीटरचा पल्ला १०० च्या वेगाने एका तासात होतो, ८० ने सव्वा तासात. वीस किलोमीटरच्या पल्ल्यात फरक फक्त तीन मिनिटांचा. लांबच्या प्रवासात पंधरा मिनिटं महत्त्वाची वाटली तर मी कुणाला दोष देणार नाही. पण तीन मिनिटांसाठी गाडी ताणणाऱ्यांनी जरा विचार करावा. मोकळ्या सपाट रस्त्यावर क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) लावा. चढउताराच्या रस्त्यावर मात्र तो चढाला उगाच जोर लावतो, तिथे पायच बरा.

ट्रकच्या मागे चिकटून चालवलं तर हवेचा विरोध कमी होतो, हे शास्त्र म्हणून खरं आहे. तरीही करू नका. ट्रकने ब्रेक मारला तर तुमच्या हातात काहीच उरत नाही.

सिग्नलला इंजिन बंद करावं का? बंद-चालू करण्यात जास्त पेट्रोल जातं म्हणतात.

गरम झालेलं इंजेक्शनचं इंजिन पुन्हा सुरू करायला जेवढं पेट्रोल लागतं, तेवढं नुसत्या आयडलवर साधारण दहा सेकंदांत जळतं. त्यामुळे अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर बंद करणं फायद्याचं. छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन उभ्या जागी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पितं. रोज सगळं मिळून दहा मिनिटं असं उभं राहिलं तरी महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास गेले, तेही एक मीटरभर पुढे न सरकता.

बॅटरी अशक्त असेल, किंवा रांग दर पाच-दहा सेकंदांनी सरकत असेल, तर चालू राहू द्या. आणि कुणाची वाट बघत गाडीत बसला असाल तर इंजिन नक्की बंद करा; तिथे तर काहीच अडचण नसते.

सकाळी गाडी पाच मिनिटं गरम करायची का?

गरज नाही. सुरू करा, पट्टा लावा, आरसे बघा, निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा. इंजिन उभ्या जागेपेक्षा चालताना लवकर गरम होतं, आणि गिअरबॉक्स, बेअरिंग, टायर हे तर चालल्याशिवाय गरम होतच नाहीत. कडाक्याच्या थंडीत काच साफ होईपर्यंत थांबावं लागलं तर तो सुरक्षेचा भाग आहे.

थंड इंजिन जास्त पितं. म्हणून चार छोटी कामं चार वेळा गाडी काढून करण्यापेक्षा एकाच फेरीत उरका. अर्ध्या किलोमीटरवर जायचं असेल तर चालत जाणं ही सगळ्यात मोठी बचत आहे.

एसी लावू की काचा उघडू?

शहरातल्या हळू वेगात काचा उघड्या, हायवेवर काचा बंद आणि एसी. उघड्या काचांमुळे वेगात हवेचा विरोध वाढतो, हळू वेगात तो नगण्य असतो.

उन्हात तापलेल्या गाडीत बसलात तर आधी सगळ्या काचा उघडून मिनिटभर चालवा. आतली कढत हवा बाहेरच्या हवेहूनही गरम असते, ती फुकट बाहेर जाते. मग काचा बंद करून एसी लावा, आणि थोड्या वेळाने आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. सावलीत उभी केली तर हे कष्टही कमी. अतिशय कडक उन्हात आणि छोट्या अंतरावर एसी अ‍ॅव्हरेजचा चौथा हिस्सासुद्धा खाऊ शकतो. पण उकाड्याने चालवणाऱ्याचं लक्ष उडत असेल, डोळे मिटत असतील, तर एसी बिनधास्त लावा.

टायरमध्ये हवा किती ठेवायची? आणि किती दिवसांनी बघायची?

किती ठेवायची ते गाडीवरच लिहिलेलं असतं. चालकाचं दार उघडा, दाराच्या चौकटीवर स्टिकर दिसेल. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा वेगळा, ती टायरची कमाल मर्यादा. तेवढी हवा भरू नका.

महिन्यातून एकदा तरी बघा. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा आपोआप निघते, आणि तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की आणखी एक पीएसआय कमी होते. म्हणून थंडी पडली की सगळ्यांच्या गाड्या एकदम हवा मागायला लागतात. मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी असताना. लांबून चालवत आणून मोजली तर तीन-चार पीएसआय जास्त दिसते, आणि आपण समाधानाने घरी येतो. हवा कमीच राहिलेली असते.

यातून पेट्रोल किती वाचतं? चारही टायरांत एक पीएसआय कमी असेल तर सुमारे ०.२ टक्के. म्हणजे सहा पीएसआय कमी झाली तर सव्वा टक्का. हा आकडा छोटा आहे हे मान्य. पण कमी हवेचा टायर दोन्ही कडांनी झिजतो, आत तापतो आणि वेगात फुटू शकतो. एक छोटा गेज घेऊन गाडीत ठेवा. डोळ्यांनी बघून किंवा लाथ मारून आजच्या रेडियल टायरची हवा कळत नाही.

नवे टायर घेताना मूळ मापाचेच घ्या. रुंद टायर दिसतात छान, पण अ‍ॅव्हरेज उतरतं. युरोपात २०१२ पासून टायरवर इंधन बचतीची प्रतवारी छापलेली असते. असं लेबल दिसलं तर ते वाचून निवड करा.

सर्व्हिसिंगमध्ये कशाकडे लक्ष द्यायचं?

इंजिन ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितलं असताना जाड ऑइल घातलं तर एक-दोन टक्के इंधन नुसतं ते ढवळण्यात जातं.

एअर फिल्टरबद्दल मात्र बराच गैरसमज आहे. कार्बोरेटरच्या गाडीत चोंदलेला फिल्टर अ‍ॅव्हरेज खातो. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत कॉम्प्युटर हवेच्या हिशोबानेच पेट्रोल देतो, त्यामुळे पिकअप जातो पण अ‍ॅव्हरेजवर फार परिणाम होत नाही. फिल्टर वेळेवर बदला, इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून बदला. त्यातून मोठ्या बचतीची अपेक्षा ठेवू नका.

खरा मोठा खड्डा असतो ऑक्सिजन सेन्सरमध्ये. सायलेन्सरच्या पाइपवर बसवलेला हा सेन्सर बिघडला की कॉम्प्युटरला जळण्याचा अंदाज येत नाही आणि तो गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देतो. असा गंभीर बिघाड दुरुस्त केल्यावर अ‍ॅव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारल्याची नोंद आहे. म्हणून डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी नीट चालतेय, तरी दुर्लक्ष करू नका. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) उघडा अडकला की इंजिन पूर्ण गरमच होत नाही, हेही एक लपलेलं कारण आहे. अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा खालीच राहत असेल तर मेकॅनिकला तसं सांगा.

छतावरचं कॅरिअर आणि डिकीतलं सामान यांनी किती फरक पडतो?

छतावरच्या मोठ्या पेटीने हायवेवर ६ ते १७ टक्के. प्रवास संपला की काढून ठेवा. डिकीतल्या ४५ किलोंमागे साधारण एक टक्का. स्टेपनी आणि जॅक मात्र काढू नका.

जास्त ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल टाकलं तर?

पुस्तिकेत ते सांगितलं असेल तर टाका. नसेल तर फायदा नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद असं लोक समजतात. तो आकडा सांगतो की दाबाखाली पेट्रोल आपोआप पेटण्याला किती दाद देत नाही. साध्या इंजिनात तेवढा दाबच नसतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं उलट आहे: इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते, म्हणून १० टक्के मिश्रणावर अ‍ॅव्हरेज तीनेक टक्क्यांनी उतरतं. तो तुमच्या गाडीचा दोष नाही.

पेट्रोल वाचवणारे चुंबक, गोळ्या, हवेत भोवरा करणाऱ्या पात्या?

घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली; अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. काहींनी तर इंजिनाचं नुकसान होऊ शकतं.

पहाटे पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं का? आणि काठोकाठ भरावं का?

पेट्रोल एका अंशामागे साधारण ०.१ टक्का फुगतं, हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट आणि दुपार यांत फारसा फरक पडत नाही. सोयीच्या वेळी भरा.

काठोकाठ मात्र नको. नोझल पहिल्यांदा खटकन बंद झालं की थांबा. त्यापुढे भरलेलं पेट्रोल वाफेच्या नळीतून पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं आणि तो डबा खराब होतो.

अ‍ॅव्हरेज नीट मोजायचं कसं?

पहिल्या खटक्यापर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा. निदान अर्धी टाकी संपू द्या. पुन्हा पहिल्या खटक्यापर्यंत भरा. ट्रिप मीटरचे किलोमीटर भागिले या वेळी गेलेले लिटर. ५६० किलोमीटर झाले, ३५ लिटर गेलं, तर १६. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी बघा. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याच गाड्यांत थोडा वाढीव दिसतो. सवय बदलल्याचा फरक बघायला तो पुरतो, पण खरा हिशोब वहीतच.

अ‍ॅव्हरेज अचानक उतरलं, आणि कुठलाच दिवा लागलेला नाही. काय बघू?

आधी हे आठवा की रस्ता, हवामान किंवा गर्दी बदलली का. तसं काही नसेल तर बघा, गाडी मोकळी लोळते का. सपाट जागेवर न्यूट्रल करून एका माणसाने ढकलली तर ती सरकायला हवी, आणि चालकाच्या जागेवर कुणीतरी पाय ब्रेकजवळ ठेवून बसलेलं हवं.

माझ्या गाडीचं असंच झालं होतं. वहीत १७ च्या आसपास दिसणारा आकडा दोन टाक्यांत १४ वर आला. मेकॅनिकने प्लग बदलले, पेट्रोल खराब असेल म्हणाला. तिसरी टाकीही तशीच गेली. एका संध्याकाळी लांबून आल्यावर गाडी लावली आणि मागच्या डाव्या चाकाशी करपल्यासारखा वास आला. हात न लावता तळवा चारही रिमांजवळ धरून बघितला. तीन कोमट होते, चौथ्याची धग वीतभर अंतरावरून लागत होती. कॅलिपरची (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन गंजून अडकली होती, त्यामुळे पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहायचा. पिन साफ करून ग्रीस लावल्यावर पुढच्या टाकीला आकडा १६.८ आला. तेव्हापासून लांबच्या प्रवासातून आलो की चारही चाकांजवळ असा तळवा धरून बघतो. डिस्कला कधी हात लावू नका, तिने लगेच भाजतं.